पाणी आटावं, तेल राहावं

ग्रीक जेवण म्हटलं की आपल्याकडच्या मेनूकार्डांवर फेटा घातलेलं सॅलड, पिटा आणि फार तर मुसाका दिसतो. ग्रीसमधल्या घरात मंगळवारी किंवा गुरुवारी दुपारी जे शिजतं, ते सहसा यातलं काहीच नसतं. तिथे फरसबी असते, भेंडी असते, मटार किंवा वांगी असतात. मोसमातली एक भाजी, कांदा, टोमॅटो, हात न आखडता घातलेलं ऑलिव्ह तेल आणि तासभर मंद आच. भाज्यांच्या या सगळ्या घराण्याला तिथे ‘लादेरा’, म्हणजे तेलातल्या भाज्या, असं म्हणतात. त्यात मांस नसतं, दूध नसतं, अंडंही नसतं. आपल्या फडताळात नसणारी वस्तू एकच, ती म्हणजे ऑलिव्ह तेल, आणि तेही आता तालुक्याच्या गावातल्या दुकानात मिळतं.

सामान आणि कृती दोन्ही सोपी असूनही ही भाजी मराठी हाताला पहिल्या वेळी जमत नाही. तिला फोडणी नको असते, आपल्याला राहवत नाही. कुकरची घाई नको असते. फरसबी हिरवीगार राहायला नको असते. शेवटी ती वाफाळती वाढायचीही नसते. हे चार मोह टाळले की बाकी काम गॅसची शेगडी करते.

या लेखात मुख्यतः फरसबीची भाजी, ‘फासोलाकिया’, सविस्तर सांगते. ती नीट बसली की बाकीच्या आपोआप येतात.

आधी तेलाबद्दल, कारण भाजीचं अर्धं यश दुकानातच ठरतं. आपल्याकडे ऑलिव्ह तेलाच्या नावाखाली चार प्रकार विकले जातात. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ हे फळं चेचून, नुसत्या यांत्रिक पद्धतीनं काढलेलं तेल. ‘प्युअर’ किंवा ‘क्लासिक’ लिहिलेलं असतं ते रिफाइंड तेलात थोडं व्हर्जिन मिसळून केलेलं. ‘लाइट’ म्हणजे कमी कॅलरींचं असा अनेकांचा समज असतो. तसं काही नाही, ते रंगानं आणि वासानं हलकं असतं इतकंच. आणि ‘पोमेस’ म्हणजे तेल काढून झाल्यावर उरलेल्या चोथ्यातून द्रावक वापरून काढलेलं आणि मग शुद्ध केलेलं तेल. तळणाला पोमेस चालेल. या भाजीत मात्र तेल हाच रस्सा आहे, त्यामुळे एक्स्ट्रा व्हर्जिनच घ्या. ग्रीसमध्ये प्रामुख्यानं कोरोनेइकी जातीच्या बारीक फळांचं तेल काढतात. त्याला हिरवट वास असतो आणि घशाशी किंचित तिखटपणा जाणवतो. तो दोष नाही, ताजेपणाची खूण आहे. ग्रीक तेल मिळालं नाही तर स्पेनचं किंवा इटलीचं चालेल. बाटली गडद काचेची किंवा डबा पत्र्याचा असावा, आणि उत्पादनाची तारीख जवळची असावी.

एक्स्ट्रा व्हर्जिन तापवू नये असं बरेच जण सांगतात. फोडणीसाठी तेल धुरकट होईपर्यंत तापवायचं असेल तर ते म्हणणं समजण्यासारखं आहे. पण या पातेल्यात टोमॅटो आणि पाणी असतं, आणि पाणी आहे तोवर रस्सा १०० अंशांच्या फारसा वर जात नाही. या तेलाचा धूर निघतो तो साधारण १९० अंशांच्या पुढे. तेव्हा काळजी नको.

आता प्रमाण. चार माणसांना हीच मुख्य भाजी म्हणून पुरेल एवढी करायची तर पाऊण किलो फरसबी, अर्धा किलो पिकलेले टोमॅटो, दोन मोठे कांदे, दोन मध्यम बटाटे, लसणाच्या तीन-चार पाकळ्या, मूठभर चिरलेली पार्सली, चहाचे दीड चमचे मीठ, ताजी भरडलेली मिरी, चिमूटभर साखर आणि १२० ते १५० मिलिलिटर तेल. हो, मिलिलिटरच. आमटीची लहान वाटी जवळजवळ भरते.

इथे बहुतेकांचा हात थबकतो, म्हणून हिशेब मांडते. १२० मिलिलिटर तेल म्हणजे सुमारे ११० ग्रॅम, म्हणजे हजाराच्या आसपास कॅलरी. चार जणांत वाटल्या तर प्रत्येकी अडीचशे. जेवणात दुसरं काही तळलेलं नसेल, वरून तूप नसेल, तर हे वाटतं तेवढं भयंकर नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९५८ मध्ये सुरू केलेल्या सात देशांच्या अभ्यासात क्रीट बेटावरच्या पुरुषांच्या आहारातली जवळपास ४० टक्के ऊर्जा स्निग्ध पदार्थांतून येत होती, आणि त्यातला मोठा वाटा ऑलिव्ह तेलाचा होता. तरीही त्यांच्यातलं हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण सगळ्यात कमी गटांत होतं. हे सांगताना एक पुस्ती जोडायला हवी, की ते शेतकरी दिवसभर डोंगरउतारावर राबत होते. आपण दिवसभर खुर्चीत बसत असू तर तेल ९० मिलिलिटरपर्यंत खाली आणायला हरकत नाही. त्याच्या खाली गेलात तर ती टोमॅटोतली फरसबी होईल. चांगली लागेल, पण वेगळी.

तेल कमी करण्याचा आग्रह ग्रीसमध्येही झाला होता. निकोलाओस त्सेलेमेंदेस (१८७८–१९५८) हे तिथले विसाव्या शतकातले सर्वांत प्रभावी पाककृतीलेखक. त्यांचं पुस्तक इतकं घरोघरी पोचलं की कुठल्याही पाककृतीच्या पुस्तकाला ‘त्सेलेमेंदेस’ म्हणण्याची पद्धत पडली. फ्रेंच वळणावर वाढलेल्या या आचाऱ्याला ग्रीक स्वयंपाकातला तेला-मसाल्याचा भार तुर्की वाटे. लोणी आणि पांढरा सॉस त्यांना अधिक सुसंस्कृत वाटत होता. मुसाक्यावरचा पांढऱ्या सॉसचा जाड थर त्यांच्यामुळेच रुळला असं मानतात. लादेरावर मात्र त्यांची मात्रा चालली नाही. शहरातल्या बायकांनी मुसाक्यावर सॉस ओतला आणि फरसबी आईसारखीच केली.

फरसबी निवडताना कोवळी, लवकर मोडणारी घ्या. शेंग वाकवली की टचकन तुटली पाहिजे. आपल्या बाजारातली बारीक गोल श्रावणघेवड्याची शेंग उत्तम. दोन्ही टोकं खुडून, शिरा असतील तर ओढून काढून, मोठ्या शेंगा मधे एकदाच तोडायच्या. बारीक चिरायच्या नाहीत. आपण फरसबी चिरतो ती लवकर शिजावी आणि घासात नीट बसावी म्हणून. इथे ती तासभर शिजणार आहे; बारीक चिरली तर लगदा होईल.

टोमॅटो चिरू नका, किसा. टोमॅटो आडवा कापून त्याची कापलेली बाजू किसणीच्या मोठ्या भोकांवर घासायची. गर खाली पडतो, साल हातात राहते. मिक्सरला लावला तर गरात हवा शिरते, रंग गुलाबीसर होतो आणि बिया वाटल्या जाऊन किंचित कडसरपणा येतो. संकरित जाड सालीचे टोमॅटो असतील तर त्यांना आंबटपणा आणि रस दोन्ही बेताचे असतात. अशा वेळी चहाचे दोन चमचे टोमॅटो पेस्ट घालायची. ग्रीक घरांत ती बाराही महिने असते, त्यामुळे यात फसवणूक नाही. बाटलीतला केचप मात्र नको.

भांडं जाड बुडाचं, पसरट आणि घट्ट झाकणाचं हवं. स्टील, एनॅमल केलेलं बीड किंवा हार्ड अॅनोडाइज्ड चालेल. लोखंडी कढई आणि साधं अॅल्युमिनियमचं पातेलं दोन्ही टाळा, कारण टोमॅटोचा आंबटपणा तासभर धातूवर काम करत राहिला की रंग आणि चव दोन्ही बिघडतात. पितळी पातेल्याला चांगली कल्हई असेल तर ते या कामाला छान.

पाऊण वाटी तेल पातेल्यात घालून बाकीचं बाजूला ठेवा. तेल कोमट असतानाच चिरलेला कांदा घाला. तो तडतडता कामा नये. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं मऊ होऊ द्या. गुलाबीदेखील नको, पारदर्शक झाला, गोडसर वास आला की पुरे. लसूण त्यानंतर, अर्धा मिनिट. मोहरी, जिरं, हिंग, हळद यांच्याकडे हात जाईल. जाऊ देऊ नका. हळद पडली की हीच भाजी क्षणात आपली होते आणि मग एवढं तेल का घातलं याचा उलगडाच होत नाही.

मग फरसबी घाला आणि ती तेलात पाच-सात मिनिटं हलवत राहा. शेंगांचा हिरवा रंग आधी उजळतो आणि मग मावळायला लागतो. त्यावर वाटीभर गरम पाणी घालून झाकण ठेवा आणि पंधरा मिनिटं शिजू द्या. टोमॅटो लगेच घालायचा नाही, हे मुद्दाम सांगते. अनेक ग्रीक घरांत सगळं एकदमच घालतात आणि तेही चालतं, पण मग वेळ बराच जास्त लागतो. भाजीच्या पेशी ज्या पेक्टिननं एकमेकींना धरून असतात ते आंबट रसात सहज विरघळत नाही. आपल्याकडे टोमॅटो किंवा चिंच आधी पडली की डाळ शिजत नाही म्हणतात, त्यातला हा एक भाग. भरड, राठ फरसबी हाती आली असेल तर आधी पाण्यात अर्धवट शिजवणं हाच शहाणपणा.

हाच आंबटपणा बटाट्याच्या कामी येतो. बटाट्याच्या मोठ्या फोडी, एकाच्या चार, टोमॅटोबरोबर घातल्या की त्या शिजतात पण फुटत नाहीत. तेव्हा पंधरा मिनिटांनी बटाटे, किसलेला टोमॅटो, मीठ, मिरी, साखर आणि निम्मी पार्सली घाला. एक उकळी आली की आच अगदी मंद करा आणि झाकण ठेवून आणखी ३५ ते ४० मिनिटं विसरून जा. मधे एकदा तळाला लागत नाही ना एवढं बघा. पाणी कमी वाटलं तर अर्धी वाटी गरम पाणी. गार पाणी ओतून उकळी मोडू नका.

शेंग शिजली की नाही ते कसं ओळखायचं? चमच्याच्या कडेनं दाबली की विनातक्रार कापली गेली पाहिजे. दाताखाली जरा कुरकुरीत राहिलेली फरसबी ही हॉटेलातल्या चिनी आणि फ्रेंच पद्धतीनं लावलेली आवड आहे. लादेरात तिला जागा नाही. रंग शेवाळी होईल, होऊ द्या. क्लोरोफिल आंबट रसात आणि उष्णतेत मॅग्नेशियम गमावतं, म्हणून हिरवा जाऊन मातकट ऑलिव्ह रंग येतो. खाण्याचा सोडा टाकून हिरवा रंग टिकवायची युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नका. शेंगा बुळबुळीत होतील आणि साबणासारख्या लागतील.

आता सगळ्यात महत्त्वाची दहा-पंधरा मिनिटं. झाकण काढा, आच थोडी वाढवा. पाणी आटत जातं तसा रस्सा दाटतो, बुडबुडे मोठे आणि जड व्हायला लागतात आणि कडेनं तेल वेगळं दिसू लागतं. ग्रीक बायका याला भाजी ‘आपल्या तेलावर राहिली’ असं म्हणतात. आपण मसाला परतताना तेल सुटायची वाट बघतो, इथे ती वाट शेवटी बघायची. पातेलं तिरपं केलं तर पाणीदार रस वाहायला नको, टोमॅटोनं माखलेलं केशरी तेल हळूच सरकलं पाहिजे. बहुतेक फसलेल्या फासोलाकिया इथेच फसलेल्या असतात: भाजी शिजली म्हणून लवकर उतरवलेली आणि म्हणून पाणचट. गॅस बंद करून उरलेलं कच्चं तेल आणि उरलेली पार्सली घाला. तासाभराच्या आचेत तेलाचा वास बराचसा उडून गेलेला असतो, तो या शेवटच्या दोन चमच्यांनी परत येतो.

आणि मग थांबा. निदान अर्धा तास, जमल्यास दोन तास. गरम असताना या भाजीची चव विखुरलेली लागते, टोमॅटो पुढे येतो आणि तेल जिभेवर जड वाटतं. कोमट झाली की बटाट्यानं रस ओढून घेतलेला असतो आणि सगळं एकजीव होतं. ग्रीसमध्ये घरगुती जेवण देणाऱ्या खानावळी असतात, त्यांना ‘मागिरिओ’ म्हणतात. तिथे सकाळी केलेल्या लादेराचे ट्रे काचेमागे मांडलेले असतात आणि दुपारी दोन वाजता त्या भाज्या कोमटच वाढतात. कुणी गरम करून मागत नाही. आपल्या उन्हाळ्यात मात्र दोन तासांच्या पुढे ओट्यावर ठेवू नका. फ्रिजमध्ये तीन दिवस सहज टिकते आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. फ्रिजमधून काढल्यावर वर पांढरे कण दिसतील. ते थिजलेलं ऑलिव्ह तेल आहे, भाजी बिघडलेली नाही. खाण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवली की विरघळतं.

कुकरचं काय? ग्रीसमध्येही नोकरदार घरांत फासोलाकिया कुकरमध्ये होते, तेव्हा सोवळं पाळायची गरज नाही. कांदा आणि शेंगा परतून झाल्यावर टोमॅटो, बटाटे आणि जेमतेम पाव वाटी पाणी घालून शिट्टी आल्यावर मंद आचेवर सात-आठ मिनिटं ठेवा आणि वाफ आपणहून जाऊ द्या. मग झाकण उघडून रस आटवण्याची ती पंधरा मिनिटं द्यायचीच. कुकर वेळ वाचवतो, पण पाणी आत कोंडून ठेवतो.

पार्सली मोठ्या शहरांतल्या भाजीबाजारात आणि मॉलमध्ये मिळते. नाही मिळाली तर कोथिंबीर घालू का, हा प्रश्न येणारच. मुख्य भूमीवरचे ग्रीक ताजी कोथिंबीर जवळजवळ वापरत नाहीत. सायप्रसमधले ग्रीक आवडीनं वापरतात. म्हणजे कोथिंबीर घातलीत तर भाजी ग्रीसमधून सायप्रसला गेली, एवढंच. पुदिन्याची चार पानं मात्र ग्रीसमध्येही घालतात, आणि मला ती पार्सलीइतकीच आवडतात. तिखटाशिवाय घास उतरत नसेल तर शेवटी चिमूटभर चिली फ्लेक्स भुरभुरा. उत्तर ग्रीसमध्ये ‘बुकोवो’ नावाची अशीच लाल मिरचीची भरड वापरतात. काही घरांत टोमॅटोच्या रसात दालचिनीचा तुकडा पडतो. तुर्कांशी झालेल्या युद्धातल्या १९२२च्या पराभवानंतर आणि १९२३च्या लोझान करारान्वये झालेल्या लोकसंख्येच्या अदलाबदलीत दहा लाखांहून अधिक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक आशिया मायनरमधून ग्रीसमध्ये आले, त्यांच्या हातच्या स्वयंपाकात दालचिनी, जिरं, ऑलस्पाइस यांना मोकळा वाव होता. तेव्हा दालचिनी चालेल. गरम मसाला नाही.

सोबत पाव आणि फेटा. पाव रस टिपणारा, कडक कवचाचा हवा. मुंबईचा ब्रुन किंवा गोव्याचा उंडो याला जवळजवळ मुद्दाम केल्यासारखे आहेत. मऊ लादीपाव तेलात भिजून गळून पडतो. ज्वारीच्या भाकरीबरोबरही छान लागते, आणि याबद्दल मी कुणाशी वाद घालणार नाही. फेट्याच्या जागी पनीर ठेवू नका. फेटा मेंढीच्या दुधाचा, त्यात फार तर ३० टक्के शेळीचं दूध, आणि मिठाच्या पाण्यात मुरलेला असतो; त्याचा खारट आंबटपणा टोमॅटोच्या गोडीला तोडतो. पनीर गोडच. फेटा नसेल तर काहीच ठेवू नका, किंवा खारवलेली ऑलिव्ह ठेवा.

फेटा नसला तर उणं मुळीच नाही, कारण या भाज्यांचं मूळ घरच उपासाचं आहे. ऑर्थोडॉक्स चर्चच्या पंचांगात बुधवार-शुक्रवार, ईस्टरआधीचे सात आठवडे, नाताळाआधीचे चाळीस दिवस आणि ऑगस्टचे पहिले चौदा दिवस मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात. मासेही बहुतेक दिवस चालत नाहीत; कोळंबी, माकुल, ऑक्टोपस मात्र चालतात. सगळे उपास नेमानं पाळले तर वर्षाचे निम्म्याच्या आसपास दिवस त्यातच जातात, आणि एवढे दिवस कुटुंबाला पोटभर आणि चवीचं काय वाढायचं, या प्रश्नातून भाजी हेच पूर्ण जेवण करण्याची ही रीत घट्ट झाली. गंमत अशी की अगदी कडक दिवसांत तेलही वर्ज्य असतं, पण ऑलिव्हची फळं खाल्लेली चालतात. पूर्वी तेल कातड्याच्या बुधल्यांतून साठवत, म्हणून ते निषिद्ध झालं, असं एक स्पष्टीकरण देतात. मराठी वाचकाला अशा सवलतींचं नवल वाटू नये. साबुदाण्याला उपासाचा परवाना देणारे आपणच.

आज जी भाजी पिढीजात म्हणून वाढली जाते तिच्यातली फरसबी, टोमॅटो, बटाटा ही तिन्ही अमेरिका खंडातून आलेली. टोमॅटो ग्रीसमध्ये रुजला तो एकोणिसाव्या शतकात. बटाट्याचं श्रेय स्वतंत्र ग्रीसचे पहिले राज्यप्रमुख इओआनिस कापोदिस्त्रियास यांना देतात. लोक बटाट्याला हात लावेनात, तेव्हा त्यांनी ढिगांवर पहारा बसवला आणि पहारेकऱ्यांना चोरीकडे काणाडोळा करायला सांगितलं, ही दंतकथा ग्रीसमधल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याआधीची शेंग म्हणजे चवळीची. कोवळ्या चवळीच्या शेंगा तिथे आजही उन्हाळ्यात ‘आंबेलोफासुला’ नावानं मिळतात. अखंड उकडून, निथळून, वर तेल, व्हिनेगर आणि ठेचलेला लसूण. वीस मिनिटांचं काम. आपल्या मंडईत या शेंगा जुडीनं मिळतात आणि आपण त्यांच्याकडे फारसं बघत नाही.

फरसबी जमली की भेंडीकडे वळा. भेंडीची लादेरा, ‘बाम्येस’, नाजूक काम आहे. अर्धा किलो बोटाच्या दोन पेरांएवढी कोवळी भेंडी घ्या. देठाकडची टोपी पेन्सिलीला टोक करावं तशी सोलायची, आतली पोकळी उघडू द्यायची नाही. पोकळी उघडली की चिकट रस बाहेर येतो. मग भेंडीवर मीठ आणि पाव वाटी व्हिनेगर शिंपडून अर्धा-पाऊण तास उन्हात ठेवा. आपण भेंडीत आमसूल किंवा ताक घालतो त्यामागचं कारण आणि हे कारण एकच: आंबटानं तार तुटते. धुऊन, फडक्यानं अगदी कोरडी करून, पसरट पातेल्यात शिजवलेल्या कांदा-टोमॅटोच्या रसावर एका थरात मांडा. पुढची पंचवीस-तीस मिनिटं चमचा लावायचा नाही. हलवायचंच असेल तर पातेल्याचे दोन्ही कान धरून ते गोल फिरवा. उतरवताना लिंबू पिळा.

‘ब्रियाम’ हा भट्टीतला प्रकार. बटाटे, वांगी, झुकिनी, ढोबळी मिरची, कांदा, किसलेला टोमॅटो, सगळं मिळून दीड-दोन किलो, आणि वाटीभर तेल. बटाट्याच्या चकत्या इतरांपेक्षा पातळ, अर्ध्या सेंटिमीटरच्या, कारण शिजायला तेच सगळ्यांत जास्त वेळ घेतात. १८० अंशांवर पाऊण तास झाकून, मग पाऊण तास उघडं. पूर्वी ग्रीक घरांत ओव्हन नसत. रविवारी सकाळी बायका भरलेली परात गल्लीतल्या पाववाल्याच्या भट्टीत देऊन येत आणि जेवणाच्या वेळी परत आणत. आपल्या छोट्या टेबलावरच्या ओव्हनमध्ये एक धोका असतो. ट्रे लहान म्हणून भाज्यांचे चार थर चढवले जातात, मग त्या भाजल्या न जाता वाफेवर शिजतात. दोन थरांच्या वर जाऊ नका, हवं तर दोन खेपा करा. झुकिनी महाग वाटली तर कोवळा दुधी घाला, फक्त मीठ लावून अर्धा तास निथळवून. ओव्हन नसेलच तर याच भाज्या पातेल्यात मंद आचेवर करा. त्यालाही तिथे ‘तुर्लू’ असं रीतसर नाव आहे.

पण महाराष्ट्रात पहिलीच लादेरा करणार असाल, तर माझं मत मटाराला. डिसेंबर-जानेवारीत मटार आणि शेपू दोन्ही एकाच वेळी स्वस्त आणि ताजे असतात, आणि ग्रीक ‘अराकास’ला नेमके हेच दोघं लागतात. ज्या घरात शेपूचं नाव काढलं की निम्मी माणसं ताट सरकवतात, तिथेसुद्धा ही भाजी खपलेली मी पाहिली आहे, कारण तेलात मटाराबरोबर शिजताना शेपूचा उग्रपणा जातो आणि गोडवा राहतो. सोललेले अर्धा किलो मटार, एक कांदा, कांद्याच्या पातीची अर्धी जुडी, एक गाजर, एक बटाटा, शंभर मिलिलिटर तेल. कांदा आणि पात तेलात मऊ करून बाकीचं सगळं घाला, मटार जेमतेम बुडतील एवढं गरम पाणी ओता आणि झाकून अर्धा तास शिजवा. शेपूची मोठी मूठ दोन हप्त्यांत, निम्मा मटाराबरोबर, निम्मा उतरवण्याआधी पाच मिनिटं. टोमॅटो घातला तर लाल अराकास. न घालता शेवटी लिंबू पिळलं तर पांढरा, आणि शेपूची चव त्यातच अधिक कळते. फ्रिजरमधले मटार असतील तर वीस मिनिटं पुरतात आणि पाणी निम्मं. मटार सुरकुतायला लागले, रस आटून तेल कडेला आलं, की गॅस बंद करा आणि पाव कापायला घ्या.